वर्षातून तीनदा वॅक्स

५ ऑक्टोबर, रविवार

गेली. चार दिवसांत चमक गेली! बुधवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अडीच तास उकिडवं बसून गाडीला वॅक्स लावलं. आज खाली जाऊन बघतो तर बॉनेटवर शिळ्या माशाच्या डोळ्यासारखी कळा. शिसारी आली.

वॅक्स वर्षातून तीनदा. पाडव्याला, पावसाआधी आणि दसऱ्याला. एकवीस वर्षं, दोन गाड्या — हाच नियम. याहून जास्त लावतो तो हौशी आणि कमी लावतो तो आळशी. चार महिने टिकायला हवं ते चार दिवस टिकत नसेल तर दोष डब्यात आहे. डबा नवीन आहे. कंपनीने माल पातळ केला असणार. हल्ली सगळेच करतात.

नीलाला खाली बोलावलं. पदराला हात पुसत आली, गाडीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, छान दिसतेय की." बायकोला विचारणंच चूक होतं.

७ ऑक्टोबर

डब्यावरच्या सूचना वाचायला घेतल्या. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, तीही करड्यावर काळी. गिऱ्हाइकाने वाचूच नये अशी छपाई. वर्तमानपत्राचंही तेच झालंय. शाईत पाणी घालतात वाटतं. निम्मा अग्रलेख अंदाजाने वाचावा लागतो — अर्थात त्याने काही बिघडत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज परत लावलं. नियम मोडला, पण दसऱ्याचं वॅक्स मी धरतच नाही.

पद्धत ठरलेली आहे. थोडंसं घ्यायचं, गोल गोल फिरवून पसरायचं, दहा मिनिटं थांबायचं. पांढरट धूर धरतो. मग कोरड्या मऊ फडक्याने धूर जाईपर्यंत पुसायचं. आज पुसतोय, पुसतोय, धूर जातच नाही! खांदे भरून आले. शेवटी पुरे म्हटलं आणि वर आलो.

जिन्यात शौनक भेटला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, वय चाळीस, पायात बारा महिने स्लिपर. "काय काका, परत पॉलिश? जावयाला द्यायचीये का?" उचलली जीभ लावली टाळ्याला.

१४ ऑक्टोबर

स्टेशनजवळच्या दुकानात डबा घेऊन गेलो. दुकानदाराने झाकण उघडलं, वास घेतला, बोटाने चोळून बघितलं. म्हणाला, "काका, माल ओरिजिनल आहे. वर्षातून तीनदा भरपूर झालं. जास्त लावून गाडी तरुण होत नाही."

मला शिकवतो! मानपाड्याच्या पुढे बसच्या बॉडी रंगवायचा कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो मी. रंग वाळून गाडी बाहेर आली की आधी माझ्यासमोर उभी राहायची. टाचणीच्या डोक्याएवढा फोड असो, केसाएवढा ओघळ असो — लाल खडूने फुली मारायची आणि परत पाठवायची. रंगारी माझी पावलं ऐकली की बिड्या विझवायचे. या नजरेतून कधी काही सुटलं नाही.

दुसऱ्या कंपनीचा डबा घेतला. त्याचा वास जास्त उग्र आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फटाक्यांच्या धुराने सगळं आकाश गढूळ. प्रत्येक पणतीभोवती गोल वलय, आकाशकंदिलाभोवती तर दोन. नीलाला म्हटलं, बघ हवेची काय अवस्था केलीय. ती म्हणाली, "मला नाही दिसत वलय." मग माझ्याकडे बघत राहिली. नैवेद्याचं ताट तसंच हातात.

आसावरी ठाण्याहून आली होती. रांगोळी तिनेच काढली. निळा रंग मळका निघाला, तेवढं मी सांगितलं. रांगोळीची डबी उचलून आत गेली. हल्ली मुलीला खरं सांगितलेलं सोसत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

काल आसावरीकडून परत येताना शीळफाट्यापासून पुढे नुसता छळ. समोरून येणारा प्रत्येक जण हेडलाइट डोळ्यांत मारत होता. दिवे खाली करण्याची रीत या देशातून हद्दपार झाली आहे. एक रिक्षावाला अंगावर आला आणि वर मलाच शिव्या घालून गेला. कुठल्या कुठे पडली असती रिक्षा!

नीला उतरताना म्हणाली, "पुढच्या वेळी मी बसने जाईन." म्हटलं, जा.

आज लावलं. पंधरा दिवसांनी एकदा, असं आता धरतो.

९ नोव्हेंबर, रविवार

आठच दिवस झालेत. पण बॉनेट बघवेना, म्हणून लावलं.

आता कारण सापडलं आहे. हवा! कुठल्या कारखान्याचं काय उडतं कोण जाणे, या भागात राहणाऱ्या माणसाने नाक मुठीत धरूनच जगायचं. तेच रंगावर बसत असणार. प्रयोग करायचा. पांढरी ताटली बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली आहे. तीन दिवसांनी बघायची. पुरावा हातात घेऊन बोलायची सवय आहे मला.

१२ नोव्हेंबर

ताटली मळकी. स्पष्ट पिवळट थर. नीलाला दाखवली. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. "कोरं आहे." मग ताटली घासून फडताळात ठेवली — माझा पुरावा! वर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं. अहो, डोळे दाखवून या एकदा."

आमचे अप्पा ब्याऐंशीव्या वर्षी स्वतः सुईत दोरा ओवत. डोळे आमच्या घराण्यात बिघडत नाहीत. गुडघे बिघडतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

लावलं. आता दर रविवारी. रोज दात घासतो त्याची कोणी चर्चा करत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

जगनचं फडकं आज जवळून पाहिलं. जगन म्हणजे सोसायटीतल्या बावीस गाड्या धुणारा. पन्नाशीचा आहे, सोलापूरकडचा, विठ्ठलवाडीला राहतो, पहाटे साडेपाचला सायकलवर हजर. माझ्या गाडीचे वार मंगळवार आणि शुक्रवार. आठ वर्षं त्याने कधी खाडा केला नाही, हे कबूल. पण ते फडकं! कळकट, काळं, पिळलं तर गटार निघेल. आणि त्याच बादलीत तीन तीन गाड्या.

म्हटलं, "जगन, या फडक्याने तू माझी गाडी पुसतोस?" म्हणाला, "टायरचं हाय साहेब हे. वरचं येगळं." आणि पुढे, विचारलं नसताना — "साहेब, आता जरा दम खावा. दर रविवारी नका लावू. गाडी चकाचक हाय." आवाज हळू, लहान मुलाला सांगावं तसा.

किळस आली. फडक्याची जास्त की त्या आवाजाची, सांगता येत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

सापडला!

पहाटे जाग आली, पुन्हा झोप लागेना, म्हणून सहाला खाली गेलो. पार्किंगमध्ये माझ्या गाडीवर एक सावली वाकलेली. जवळ गेलो — जगन. सोमवारी! माझा वार नाही. बादली नाही, पाणी नाही. हातात कोरडं पिवळं फडकं आणि बॉनेटवर गोल गोल फिरवतोय. मी काल लावलेलं वॅक्स — तो पुसून काढतोय.

म्हटलं, "काय चाललंय?"

"पुसतोय साहेब."

"काय पुसतोयस?"

फडकं पाठीमागे नेलं. मी हिसकावून घेतलं, नाकाला लावलं. माझं वॅक्स! तोच उग्र वास, दुसऱ्या कंपनीचा. डोळ्यांवर कोणी शंका घेईल, नाकावर कोण घेणार?

म्हणजे अडीच महिने हे चाललं आहे. मी लावतो आणि हा पुसतो. डबा बदलला, हवेला दोष दिला, ताटल्या मांडल्या — आणि चोर खालीच. का करत असेल? खोडसाळपणा. नाहीतर गाडी निस्तेज दिसली की मी त्यालाच पॉलिशचं काम देईन, हा हिशेब. माणसाची जातच वंगाळ.

फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं आहे. शौनकला फोन केला. रविवारी कमिटीसमोर ठेवतो.

१६ डिसेंबर

नीला म्हणते, "त्याला एकट्याला बोलवून विचारा ना. आठ वर्षांचा माणूस आहे." म्हटलं, मी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही. उत्तर नसणं हेच उत्तर.

ती म्हणाली, "तुमच्या कारखान्यात चुकीची फुली मारली गेली तर काय करायचे?" तिला माहीत आहे, शंभरदा सांगितलंय. चांगल्या मालावर चुकून फुली पडली तर इन्स्पेक्टरने पूर्ण शिफ्टसमोर यायचं आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रुमालाने ती पुसायची. शिपायाला सांगून चालायचं नाही. एकतीस वर्षांत माझ्यावर दोनदा वेळ आली. दोन्ही रुमाल अजून आठवतात.

ही तिसरी नव्हे.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी वॅक्स लावलं. अकराला मीटिंग.

कमिटीची पाच माणसं आणि ज्यांच्या गाड्या जगन धुतो ते बरेचसे. जगन दारापाशी उभा, चपला बाहेर काढून. मी मुद्देसूद सांगितलं — तारीख, वेळ, वार, फडकं. पिशवी उघडून सगळ्यांना वास दिला. शौनक म्हणाला, "काका इन्स्पेक्टर होते. त्यांचा शब्द म्हणजे लॅब रिपोर्ट."

जगनला विचारलं, तू सोमवारी साहेबांच्या गाडीचं वॅक्स पुसत होतास? म्हणाला, "पुसत होतो." का? माझ्याकडे बघितलं. मग मागे बसलेल्या नीलाकडे. मग जमिनीकडे. "साहेब सांगतील तेच खरं."

चोराने चोरी कबूल केली, आणखी काय हवं? दोघे तिघे म्हणाले, त्यांच्या गाडीला त्याने कधी त्रास दिला नाही. पण माझ्या पुराव्यापुढे बोलायला कोणाकडे काही नव्हतं. जगन बंद. एक तारखेपासून कुठली तरी एजन्सी येणार आहे, निळे टीशर्ट घालून.

तो जाताना माझ्या समोरूनच गेला. नमस्कार केला. मला त्या नमस्काराचाही वीट आला.

नीलाने केलेलं वरण अळणी होतं.

२२ डिसेंबर, सोमवार

जगन पहाटे बादली आणि सामान न्यायला आला होता म्हणे. जाताना एक फडकं माझ्या वायपरखाली घडी करून ठेवून गेला. तसलंच पिवळं! काय निर्लज्ज माणूस. चिमटीत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात दोनदा धुतले.

२८ डिसेंबर, रविवार

लावलं. आता पुसणारा कोणी नाही. बघूया.

३० डिसेंबर

तसंच.

४ जानेवारी, रविवार

लावलं. जगन गेला तरी तेच! किंबहुना जास्त वाईट.

कारण काढून टाकलं आणि दोष तरीही राहिला, तर कारण चुकलं — नव्या पोरांना मीच शिकवायचो. पण इथे कारण बदललं आहे. एजन्सीवाले नुसतं पाणी मारतात आणि मोबाइल बघतात.

११ जानेवारी, रविवार

लावलं. शौनक गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "काका, पावडर लावलीत का हिला?" मग स्लिपर फटफटवत गेला.

१८ जानेवारी, रविवार

लावलं. दुपारी शौनकचा अद्वय, वय वर्षं आठ, डिकीवर बोटाने काहीतरी गिरवत होता. घामट बोटं! हाकलून दिला.

२६ जानेवारी

काल लावलं होतं.

आज गच्चीवर झेंडावंदन. झेंडासुद्धा मळका. वरचा पट्टा विटलेला, मधला पिवळा पडलेला. शौनकला म्हटलं, वर्षातून एकदा काढता, निदान धुऊन तरी आणा. तो म्हणाला, "काका, नवीन आहे. काल आणला." आजूबाजूचे एकदम शांत झाले. नीलाने माझा दंड धरला, चिमटा बसेल इतका घट्ट. राष्ट्रगीत संपेपर्यंत सोडला नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

लिहायला नको वाटतंय. पण लिहायचं नाही तर ही वही कशाला.

संध्याकाळी पेट्रोल भरायला गाडी काढली. गेटमधून वळतोय तेवढ्यात बाबुरावने — आमचा वॉचमन — पळत येऊन बॉनेटवर दाणकन थाप मारली. माझ्या बॉनेटवर! ब्रेक दाबला, काच खाली करून ओरडणार, तर तो पुढे बोट दाखवत होता. बंपरच्या पुढे, वीतभर अंतरावर, भाजीची पिशवी पडलेली. टोमॅटो घरंगळत होते. पिशवीच्या पलीकडे, जास्वंदीच्या कुंपणाला पाठ टेकून, नीला. हिरवी साडी.

मला दिसली नाही. आधी लिहिलं होतं की लक्ष नव्हतं. ते खोडलं. लक्ष होतं. मी समोरच बघत होतो. तिथे फक्त कुंपण होतं.

तिने एकेक टोमॅटो उचलला. बाबुरावने मदत केली. मी गाडीतच बसलो होतो, हात स्टिअरिंगवर. वर आल्यावर ती म्हणाली, "शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. नाहीतर मी आसावरीकडे जाते, ठाण्याला. परत येणार नाही." आवाज चढवला नाही. ती चढवत नाही कधीच.

किल्ली तिच्या पर्समध्ये आहे.

३१ जानेवारी, शनिवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा पिकलेला, डावा मागोमाग येतोय.

डॉक्टर पोरसवदा मुलगी आहे. म्हणाली, "आजोबा, दोन वर्षं तरी दुधी काचेतून बघताय. सगळं धुरकट, पिवळट दिसत असेल. दिव्यांना वलयं." मी म्हटलं, वलयं फटाक्यांची होती. ती हसली नाही. "गाडी चालवता?" नीलाने माझ्या आधी उत्तर दिलं.

धुरकट. येताना रिक्षात हाच शब्द डोक्यात. धूर जाईपर्यंत पुसायचं. धूर गाडीवर नव्हताच तर.

पण अप्पांना नव्हता. नीला म्हणाली, "अप्पांनाही होता. सुईत दोरा मी ओवून ठेवायचे. ते फक्त ओढायचे." पस्तीस वर्षं ही गोष्ट मी लोकांना सांगत आलो आणि ही शेजारी बसून ऐकत आली.

१ फेब्रुवारी, रविवार

नाही लावलं.

१२ फेब्रुवारी

काल उजव्या डोळ्याचं झालं. वीस मिनिटं. आज पट्टी काढली.

भिंत पांढरी आहे! आमच्या खोलीचा पडदा निळा आहे, मी त्याला राखाडी समजत होतो. नीलाच्या कपाळावर दोन नव्या रेघा आहेत आणि तिने केस रंगवायचं सोडून दिलंय. केव्हा? "दीड वर्ष झालं." म्हटलं, सांगितलं नाहीस. म्हणाली, "म्हटलं, बघाल."

एक डोळा झाकला की नवं जग, दुसरा झाकला की जुनं गढूळ पाणी. दिवसभर हेच करत बसलो. नीला रागावली, हात लावू नका म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार

चमक बघायची होती, घाणच आधी दिसली. माझी.

न्हाणीघरात माझ्या बाजूच्या कोपऱ्यात शेवाळ. माझा पांढरा शर्ट, मीटिंगला घातलेला — पोटावर आमटीचा ओघळ, वाळून तपकिरी झालेला. तो घालून मी पाच माणसांसमोर दुसऱ्याच्या फडक्याविषयी बोललो. आरशात गालाखाली दाढीचा एक पट्टा, आठवडेच्या आठवडे राहून गेलेला. सगळ्यांना दिसत होता. कोणी बोललं नाही. मला वाटायचं लोक मला घाबरतात, म्हणून माझ्यासमोर गप्प होतात.

ही वही मागे चाळली. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. डिसेंबरमध्ये तर एका ठिकाणी लिहिलेल्यावरच परत लिहिलंय. स्वतःचीच किळस येते, ती ताटलीसारखी घासून ठेवता येत नाही.

अजून खाली जायचं नाही. धूळ, वाकणं, पाणी — सगळं बंद. दर दोन तासांनी थेंब.

१९ फेब्रुवारी

नीला थेंब घालत होती. विचारलं, गाडी खरंच चमकत होती? दसऱ्याला?

"आरशासारखी."

आणि डिसेंबरात?

"डिसेंबरातही. जानेवारीपासून नाही." बाटलीचं झाकण फिरवत बसली. मग कपाटातून एक घडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. पिवळं फडकं. मी कचऱ्यात टाकलेलं. तिने काढून, धुऊन ठेवलं होतं. लोण्यासारखं मऊ, कडा हाताने शिवलेल्या. इतकं चांगलं फडकं माझ्याकडे एकही नाही.

म्हणाली, "मलाही नीट ठाऊक नाही. संशय आहे. बरे झालात की स्वतः खाली जाऊन बघा. तपासणी तुमचं काम."

२२ फेब्रुवारी, रविवार

गाडी बघितली. माझ्या आठवणीपेक्षा निळी आहे, आणि सगळीकडे पांढरी. वाळलेलं वॅक्स. हँडलच्या खाचांत, काचेच्या रबरात, नंबर प्लेटच्या आकड्यांत, बॉनेटभर गोल गोल. माझा हात मी ओळखतो. डिकीवर त्या पांढऱ्यात बोटाने 'अद्वय' लिहिलंय. दाराच्या कडेला थर नखाने खरवडून मोजले. पाच. २८ डिसेंबर ते २५ जानेवारी, पाच रविवार. त्याआधीचा एकही नाही.

बाबुरावला विचारलं. "साहेब, दर सोमवारी जगन पुसून काढायचा, तुम्ही उठायच्या आत. म्हनायचा, साहेबांच्या हातनं राहतं, लोक हसतील. मला बोलू नको म्हनलेला. काढून टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी बादली न्यायला आला, तवाबी पुसून गेला."

आता विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रिक्षा धुतो.

१५ डिसेंबरचं पान काढलं. माझंच वेडंवाकडं अक्षर — मी लावतो आणि हा पुसतो.

शौनकला फोन करून उद्या संध्याकाळी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं आहे. तेच, मीटिंगला होते ते सगळे. नीलाने इस्त्रीचा रुमाल काढून ठेवलाय. विठ्ठलवाडीला मी आजच जातो. जगन येईल का, माहीत नाही.